पैलतीरावरची अरुंधती

पैलतीर या वसाहतीत लग्न लागलं की नव्या जोडप्याला सप्तर्षींतली अरुंधती दाखवायची रीत होती, पण ती पटलावरची. पटल म्हणजे वसाहतीवरचा भलामोठा काचेचा घुमट. दिवस मावळला की त्यावर पृथ्वीवरून दिसणारं आभाळ उमटायचं. त्यामागचं खरं आभाळ गेल्या चाळीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, आणि मेदिनीच्या मस्तकात जायचं ते हेच.

ती नवशिक्यांना तारे ओळखायला शिकवायची. पुलह आणि क्रतू जोडा, रेघ पुढे न्या, ध्रुव सापडतो. सापडायचाच, चित्रातला तारा जातोय कुठे?

आज तिचं स्वतःचं लग्न होतं. भटजींनी वर बघायला सांगितलं, तशी ती टिपणीसांकडे वळली. पटल सांभाळणारे शास्त्रज्ञ ते.

“काका, पटल बंद करा. मी खरी अरुंधती बघणार.”

“अगं, नक्षत्र म्हणजे जवळदूरचे तारे एका दिशेला दिसतात, एवढंच. आपण चाळीस प्रकाशवर्षं सरकलो. क्रतू आणि मरीची मुळात बाकीच्या पाचांहून बरेच लांब, इथून ते भलतीकडेच दिसतात. सप्तर्षी मोडलेत. ते आभाळ बघून पहिल्या वर्षी माणसांनी अन्न सोडलं. आकाशखिन्नता म्हणायचो आम्ही. म्हणून हे पटल.”

“आणि अरुंधती?”

“ती आणि वसिष्ठ खरेच शेजारी. इथूनही जवळच दिसतात.”

“मग मला खोटी का दाखवता? मी इथे जन्मले. तुमचं दुखणं माझ्या गळ्यात कशाला? पटल बंद होईपर्यंत मी सासरी जायची नाही.”

“मग मीही इथेच,” शार्दूल, तिचा नवरा, म्हणाला.

टिपणीसांनी तिच्या आईकडे, सुलभाताईंकडे पाहिलं. “करा बंद,” त्या म्हणाल्या. “एकदाचं होऊन जाऊ दे.”

पटल विझलं. म्हातारी माणसं बोटं वर करून सप्तर्षी शोधू लागली आणि मध्येच थांबली. टिपणीसांनी दिशा दाखवली तेव्हा मेदिनीला ते दोन तारे सापडले, अगदी खेटून. तिने शार्दूलला दाखवले. तिला विलक्षण आनंद झाला.

“आपला सूर्य कुठे?” सुलभाताईंनी विचारलं.

टिपणीसांनी एक मिणमिणता ठिपका दाखवला. सुलभाताईंनी तोंडाला पदर लावला. मागे कोणीतरी हुंदका दिला.

मेदिनीही बघत राहिली. लहानपणापासून रोज सकाळी पृथ्वीच्या सूर्याच्या तसबिरीला ‘आपला सूर्य’ म्हणून तिने हात जोडले होते. आता काहीतरी दाटून येईल म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही. हजारोंतला एक तारा, तोही फिकट.

“झालं ना तुझं?” आईचा आवाज फुटला होता. “लावायला सांग ते पटल.”

“नाही सांगणार.”

सुलभाताईंनी तिच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मग त्या खाली मान घालून घरात गेल्या. त्यांच्यामागून पृथ्वीवर जन्मलेलं एकेक माणूस उठून गेलं. टिपणीसही गेले. अंगणात उरले ते सगळे इथे जन्मलेले.