मामीचं उणे चाळीसचं जॅकेट

मी, मृदा, जात्याच शंकेखोर. आई म्हणते, ही मुलगी प्रसादसुद्धा आधी हुंगून बघते! मग हिमालयातल्या उंच वेधशाळेत भांडारातून मामीचं नवं जॅकेट बाहेर आलं, तेव्हा मी गप्प कशी बसणार?

मामी तिथे शास्त्रज्ञ आहे आणि मी सुट्टीत तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी तिला पायी टेकडीवर जाऊन बिघडलेला अँटेना दुरुस्त करायचा होता. बाहेर तापमान होतं उणे तीस. जॅकेटवर मात्र ऐटीत छापलेलं, 'उणे चाळीसपर्यंत उबदार'. म्हटलं, बघूच. मी जॅकेटात तापमापक गुंडाळला आणि खिडकीबाहेर ठेवून दिला. नाश्ता करून येते तर काय, आतही उणे तीसच!

"मामी, तुला फसवलंय! यात ऊबच नाहीये!"

मामी खो खो हसली. "अगं वेडाबाई, जॅकेट म्हणजे काय शेगडी आहे? शेगडी आपलं अंग. जॅकेट फक्त अंगातली ऊब पळू देत नाही. आत बदकाची मऊ पिसं असतात, त्यांच्यात हवा अडकून बसते. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक (उष्णता सहज पुढे जाऊ न देणारी) असते. तापमापकाला अंगच नाही, मग ऊब कुठून येणार?"

मला पटलं, पण अर्धंच. माझी शंका अशी एका उत्तरात मरत नाही.

"मग उबेलाच बाहेर ठेवू," मी म्हटलं. दोन सारख्या बाटल्यांत सारखंच गरम पाणी भरलं. एक मामीच्या जुन्या, विटलेल्या जॅकेटात गुंडाळली, दुसरी नव्यात, आणि दोन्ही खिडकीबाहेर ठेवल्या. तासाभराने हात लावून बघितलं. जुन्यातली बाटली छान गरम होती, नव्यातली जवळजवळ गार.

मामीचं हसू मावळलं.  हे घालून ती टेकडीवर गेली असती आणि अर्ध्या वाटेत गारठली असती तर? जुन्याची चेन तुटलेली, म्हणजे तेही घालून जाता येईना.

आता माझी नजर गुंड्याकडे गेली. गुंड्या म्हणजे भांडार सांभाळणारा यंत्रमानव. त्याची चाकं बर्फात रुततात, म्हणून तो आतच असतो. एरवी याची टकळी थांबत नाही आणि आज हा चिडीचूप! नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

"गुंड्या, खरं सांग. जॅकेटाचं काय केलंस?"

"काही वाईट नाही, ताई! कपाटात जागा नव्हती, म्हणून महिनाभर जड पेट्यांखाली दाबून ठेवलं. बघा, पोळीसारखं सपाट झालं. केवढी जागा वाचली!"

"अरे ठोंब्या, जागा नाही वाचवलीस, हवा काढून टाकलीस!" मामीने कपाळावर हात मारला. "गादीतला कापूस दबून गेला की थंडी वाजते, मग तो पिंजून घ्यावा लागतो. तसंच झालंय हे."

मग आम्ही जॅकेट झटकलं, थोपटलं, कपडे वाळवायच्या यंत्रात मंद आचेवर फिरवलं. पिसं मोकळी होत गेली आणि ते पुरीसारखं टम्म फुगलं. मामी निघाली होती, पण मी दारात आडवी झाले. पुन्हा बाटल्या भरल्याशिवाय सोडणार नव्हतेच! या वेळी नव्यातली बाटली जास्त गरम राहिली. तेव्हा कुठे मी दार सोडलं.

ती परत येईपर्यंत मी खिडकीला नाक लावून बसले होते. प्रयोगाने सांगितलं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. अखेर ती आली. पापण्यांवर बर्फ, नाक लालबुंद, तोंडभर हसू. अँटेना सुरू झाला होता.

"पुढच्या वर्षी मंगळावर जाणाऱ्यांचे पोशाख इथे तपासायला येणार आहेत," ती म्हणाली. "शंकेखोर मदतनीस लागेल मला."

मी आधी तिच्या जॅकेटात हात घातला. आत मस्त ऊब होती.

"बघा, जॅकेट गरम आहे!" गुंड्या आनंदाने ओरडला.

"चूक," मी तिला घट्ट मिठी मारत म्हटलं. "मामी गरम आहे."