दोन रेघा उजवीकडे

भुताच्या गोष्टींवर मी थुंकतो. निम्म्या पिंपळाच्या, निम्म्या पांढऱ्या साडीच्या. ही तशली नाय. ही माझ्यावर गुदरलेली हाय. खोटी वाटली तर गेलात उडत.

भिवपुरी. १९७९. भाद्रपदातली भर दुपार.

मुंबईत गाड्यांनी यंत्र हादरतं, म्हणून तारे तपासणाऱ्या एका साहेबाने वीजघराच्या कॅम्पच्या पलीकडे खोली घेतली होती. कामाला आम्ही दोघं. मी, पदू, आणि नामा.

दक्षिणेतल्या दुर्बिणीवरून काचेच्या प्लेटा यायच्या. त्यांवर एकाच तारकागुच्छातल्या ताऱ्यांचे वर्णपट. सूक्ष्मदर्शकातून त्यातला सायनोजेन वायूचा काळा पट्टा बघायचा आणि किती ठळक, त्याला एक ते पाच आकडा द्यायचा. आधी नामा, मग मी. एकमेकांना विचारायचं नाय, हा नियम.

नामाला लांबचं कमी दिसायचं. तो उठला की भिंगाचं कडं त्याच्या नजरेला जुळवलेलं, दोन रेघा उजवीकडे असायचं. मी शिव्या घालत डावीकडे आणायचो. रोज.

एक दिवस नामा म्हणाला, "साहेब, गुच्छ एकच, तारे सारख्याच तेजाचे... पन निम्म्यांचा पट्टा ठळक, निम्म्यांचा फिका. यात दोन पिढ्या हायत."

साहेब खो खो हसला. कोट घातला म्हणून साहेबाला अक्कल येते थोडीच! "सगळे एकाच वेळी जन्मलेत, गाढवा. तुझे डोळे फुटलेत. पदू, तुला दिसतो का फरक?"

नामा माझ्याकडं बघत होता.

माझ्या वहीत तेच होतं. निम्म्यांना चार, निम्म्यांना एक.

"नाय साहेब," मी म्हणालो. नोकरी जाईल म्हणून. थू माझ्या जिंदगानीवर!

नामाला काढलं. मी माझे आकडे खोडून सगळीकडे तीन लिहिले. तीन आठवड्यांत नामा काविळीनं गेला.

भाद्रपदातल्या त्या दुपारी मी एकटा होतो. दाराला आतून कडी.

भिंगाला डोळा लावला... धूसर.

कडं दोन रेघा उजवीकडे.

डावीकडे आणलं. मडक्यातलं पाणी प्यायलो. परत बसलो...

स्टूल गरम होतं. नामाचं. माझं कुणीतरी पलीकडे सरकवलं होतं.

किर्र... किर्र...

माझे हात मांडीवर. कडं माझ्या डोळ्यांदेखत फिरत होतं. दोन रेघा. मग थांबलं... वाट बघत असल्यागत.

मी पळालो. चप्पलसुद्धा घातली नाय.

दुसऱ्या दिवशी नामाच्या आईकडं गेलो. गौरामावशी दारात तांदूळ निवडत होती.

"शेवटपरेंत म्हनायचा, आये, माझं डोळंच फुटकं," ती म्हणाली. "खरं का रं, पदू? तू तर रोज त्याच्यासंगं..."

एक शब्द पुरला असता.

"मला काय ठाव, मावशी."

ती गेली त्याला वर्षं झाली. आता सांगू कुणाला?

परवा कर्जतला डोळे तपासायला गेलो. डॉक्टरने यंत्राला डोळा लावायला सांगितलं. कानाशी किर्र वाजलं.

"दिसतंय का, आजोबा?"

सगळं धूसर होतं.

"नाय साहेब," मी म्हणालो.