बिजलीच्या पोटातले पेले

डॉक्टरीणबाईंनी बिजलीच्या पोटातून ओंजळभर पेले काढून घमेल्यात टाकले. चुरगळलेले, शेवाळी रंगाचे, पण अख्खे. एकावरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती: 'मी मातीत मिसळतो.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मातीत मिसळतोस? मग माझ्या म्हशीच्या पोटात काय करत होतास?

"वाचंल न्हवं?" अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे माझे वडील. हायवेला आमचं ताकाचं दुकान आहे आणि मागेच गोठा.

"रवंथ सुरू झालं तर वाचली म्हणायचं," टाके घालत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाभण आहे ती, जपा."

बिजलीच्या गळ्यातला पट्टा तिचं रवंथ मोजतो. त्यावरचा लाल दिवा कालपासून जळत होता.

प्लॅस्टिकचे पेले आम्ही कधीच बंद केले होते. मग एका कंपनीचा गोडबोल्या माणूस हे नवे घेऊन आला. "मक्यापासून केलेत. खुशाल उकिरड्यात टाका!" आम्ही टाकले. उकिरड्यात गेलेलं सगळं कुजतं, यावर अण्णांचा देवाइतका विश्वास. पेल्यांना मसाला ताकाचं मीठ लागलेलं असायचं आणि मिठाला म्हैस वेडी. सोडली की बिजली तिकडेच धावायची. आम्हाला वाटायचं, चरतेय बिचारी.

"पण हे कुजले का नाहीत?" मी दगडूवर ओरडले. दगडू आमचा गोठ्यातला यंत्रमानव. शेण काढतो, धारा काढतो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

दगडूने तापमापकाची सळई उकिरड्यात खुपसली. "अडतीस अंश. बिजलीच्या पोटात एकोणचाळीस. कोमट पाण्यात डाळ शिजते का, गिरिजा?"

"नाही."

"इथे तेच झालं. मक्यातल्या साखरेपासून आधी लॅक्टिक आम्ल करतात. दह्या-ताकाला आंबट करतं तेच."

"म्हणजे ताक आणि पेला एकाच आम्लाचे?"

"रेणू (पदार्थाचा अगदी बारीक कण) तोच. पण पेल्यात त्या रेणूंचं बहुवारिक (एकाच लहान रेणूच्या असंख्य कड्यांची लांबलचक साखळी) केलेलं असतं. कणीस कुजतं, कारण जिवाणूंकडे त्याचे तुकडे करणारी विकरं (सजीवांच्या पेशींत तयार होणारे, रासायनिक क्रिया घडवणारे पदार्थ) असतात. ही साखळी मात्र त्यांना सहज तुटत नाही. आधी ओलावा आणि उष्णता मिळून ती तोडावी लागते. त्यासाठी साठ अंशांच्या आसपासची धग कित्येक आठवडे टिकावी लागते. मोठ्या खतकारखान्यात ती टिकते. आपल्या उकिरड्यात नाही."

"मग हे पेल्यावर का नाही छापलं?"

"ते मला माहीत नाही."

मला माहीत होतं. खरं छापलं असतं तर पेले खपले नसते. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

"आणि तू रे? तुला सगळं ठाऊक होतं, मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही."

राग इतका आला की मी घमेल्याला लाथ घातली. "यापुढे न विचारता बोलायचं! आता सांग, पेला कुठला आणायचा?"

"एकदा वापरून फेकायचा कुठलाच नको. स्टीलचा पेला घडवायला ऊर्जा जास्त लागते, पण तो पुन्हा पुन्हा वापरला की ती भरून निघते. फक्त भांडं परत आलं पाहिजे."

"ते काय आमाला नवं हाय व्हय?" अण्णा मध्येच बोलले. "म्हस व्याली की घरोघर चीक वाटतोय आपण. चिकाचं भांडं कुणी ठिवून घेतलंय? उलट साखर, गूळ घालूनच परत येतंय. रिकामं भांडं कोण देत न्हाई." त्यांनी लवंडलेलं घमेलं सरळ केलं. "दुकानात तेवढं इसरलो बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी बिजलीचा जबडा हलला. पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला. मी तिच्या मानेला मिठी मारून रडले, पण राग काही गेला नाही.

दुकानात स्टीलचे पेले आले. गोबरगॅसवर तापवलेल्या पाण्यात आम्ही ते धुतो. घरी न्यायचं असेल तर तांब्या आणा. मी पाटीच लिहिली: 'ताकाला या, भांडं लपवू नका.' काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली. बरीचशी राहिली.

बिजली व्याली, रेडी झाली. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस पुन्हा उगवला. "नवा माल आलाय, ताई. यावर दोन हिरवी पानं छापलीत!"

मी उकिरड्यावर गेले. शेण, वैरण, केळीची सालं, जुनं गोणपाटसुद्धा काळंभोर खत झालं होतं. त्यात एक पेला होता तसाच चकाकत होता. तो काठोकाठ खताने भरला आणि त्या माणसाच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"तुमचं भांडं. आमच्यात रिकामं परत देत नाहीत."

त्याने पेला फिरवून 'मी मातीत मिसळतो' वाचलं. "हा जुना, ताई. नवे नक्की कुजतात."

"किती अंशांना?" गोठ्यातून आवाज आला. दगडूला कुणीही काही विचारलं नव्हतं.

माणूस खताचा पेला हातात धरूनच आल्या वाटेने परत निघाला. हल्ली आमच्या रस्त्यावरचा प्रत्येक दुकानदार त्याला आधी हेच विचारतो.