चालकाची ना-हरकत

कल्पिता प्रज्योतवर पहिल्यांदा रागावली, तेव्हा तिला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

एकदऱ्याच्या धक्क्यावर जीवन नावाचा एक खलाशी होडी आणि धक्का यांच्या फटीत घसरून बुडाला होता. लोकांनी त्याला वर काढले आणि कोळीवाड्याचा जुना उपाय सुरू केला. डिझेलचे रिकामे पिंप आडवे केले, त्यावर त्याला पालथा घातला आणि पोटातले पाणी निघावे म्हणून चौघे जण ते पिंप मागेपुढे लोटू लागले. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा करून आणि प्रमाणपत्र हाती घेऊन कल्पिता त्याच दुपारी अलिबागहून परतली होती. ती गर्दीत शिरली. पिंप लोटणाऱ्यांत आपले सख्खे काका पुढे आहेत हे दिसताच तिचा संताप अनावर झाला.

"काका, खाली ठेवा त्याला. जमिनीवर."

"पानी काढताव ना गो."

"पाणी पोटातलं निघेल. बंद पडलाय तो श्वास. ठेवा खाली."

तिच्या आवाजात असे काही होते की तुळशीरामकाकांनी पिंप सोडले. कल्पिताने पिशवीतला मुखवटा काढून जीवनच्या तोंडावर बसवला, आधी श्वास दिले, मग गुडघ्यांवर बसून दोन्ही तळहातांनी त्याची छाती दाबायला सुरुवात केली. ती मोठ्याने आकडे मोजत होती. तेवढ्यात रुग्णवाहिका येऊन थांबली आणि तिच्यातून उतरलेला एक उंच, सावळा तरुण तिच्या खांद्याशी वाकून म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा, पेशंटला—"

"तीस होईपर्यंत बोलू नका."

तो खरोखरच बोलला नाही. तिसऱ्या फेरीला जीवनच्या घशातून घरघर निघाली. तो कुशीवर वळून ओकला, खोकला, आणि वाकडातिकडा का होईना, श्वास घेऊ लागला.

"तुमचा टेक्निशियन कुठे आहे?" कल्पिताने घाम पुसत विचारले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"चार महिने जागा रिकामी आहे. मी एकटाच गाडी चालवतो, एकटाच स्ट्रेचर ओढतो." तरुणाने रुग्णवाहिकेचे मागचे दार उघडले. "नियमाने तुम्हाला मागे बसता येत नाही. पण गाडी चालवताना माझं लक्ष रस्त्याकडे असतं. मागं कोण बसलंय ते मला काही दिसत नाही."

मुरुडच्या रुग्णालयापर्यंतच्या त्या दहा मिनिटांत समोरच्या आरशात त्याचे डोळे तिला तीनदा दिसले. रस्त्याकडे लक्ष असणाऱ्या माणसाच्या मानाने ते जरा जास्तच होते.

जीवनला डॉक्टरांच्या हवाली केल्यावर पडवीत त्या तरुणाने तिच्या हाती चहाचा पेला दिला. "मी प्रज्योत. पेणकडचा, आगरी. आमचं मिठागर होतं... आता माझं स्टिअरिंग आहे."

"चार महिने जागा रिकामी ठेवतात," कल्पिता चहाकडे न पाहता म्हणाली, "आणि शिकलेली माणसं गावात बसून राहतात. तुम्हाला याचा राग येत नाही?"

"येतो. पण तुमच्याइतका नीट येत नाही." तो हसला. "जाहिरात निघाली आहे, मॅडम. ह्याच गाडीसाठी. अर्ज करा."

तिने अर्ज केला. त्यानंतरचा महिनाभर मुरुडच्या बाजारात एक चमत्कारिक गोष्ट घडत राहिली. एकट्याने खोली करून राहणारा, खानावळीत जेवणारा हा माणूस एक दिवसाआड कल्पिताच्या आईच्या, रतनबाईच्या, टोपलीसमोर येऊन बांगडे घेऊ लागला. कल्पिता आईच्या शेजारी पुस्तक उघडून बसलेली असे. तो बांगडे निवडता निवडता तिला प्रश्न विचारी.

"भाजलेल्या माणसाला आधी काय?"

"साधं पाणी. वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही."

"आणि ज्याला तुमचं बोलणं भाजतं, त्याला?"

"त्याला घरी पाठवायचं," कल्पिता पान उलटीत म्हणे. पण पान उलटताना तिच्या ओठांचा एक कोपरा हलकेच वळे, आणि तो कोपरा पाहण्यासाठी प्रज्योत आणखी दोन बांगडे घेई.

"ड्रायव्हर," एक दिवस रतनबाई टोपलीवर पाणी शिंपडत म्हणाली, "मांजर पाळलंस का रं? का आख्ख्या खानावलीला खिलवतंस?"

परीक्षा अलिबागला झाली. ती घेणारी कंपनी खासगी होती. रुग्णवाहिकांचा ठेका तिच्याकडे होता. लेखी परीक्षेत कल्पिता पहिली आली. नंतर वाळूच्या गोण्या घातलेले स्ट्रेचर दोघादोघांनी उचलून दोन जिने चढायचे होते; तेही तिने न थांबता पुरे केले. लहानपणापासून बर्फाच्या पेट्या वाहिलेल्या खांद्यांना त्यात नवे काही नव्हते. तिच्या जोडीचा उमेदवार मात्र वर पोहोचताच पायरीवर बसला. मग भरती अधिकाऱ्याने तिला आत बोलावले, आणि चष्मा पुसत, अगदी सौम्यपणे सांगितले:

"बाकी सगळं ठीक आहे. फक्त ज्या गाडीवर जाणार, तिच्या चालकाचं ना-हरकत पत्र लागेल. बाई सोबतीला चालेल म्हणून. फॉर्मॅलिटी आहे हो."

"मुलांनाही लागतं का ते?"

"मुलांचं वेगळं."

"काय वेगळं? जाहिरातीत ही अट कुठे आहे?"

"जाहिरातीत सगळंच लिहीत नाहीत," अधिकारी म्हणाला, आणि त्याने पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

अलिबागपासून चौलपर्यंत कल्पिता एसटीच्या खिडकीशी दात आवळून बसली होती. चौलच्या वाड्यांमधली सावली गाडीवरून सरकत गेली, रेवदंड्याचा पूल आला आणि मागे पडला, तरी तिचा राग तसूभरही उतरला नाही. तिने शिकायचे, तिने रात्रपाळ्या करायच्या, तिने मरणाच्या दारातला माणूस परत आणायचा. आणि तिला ते करू द्यावे की नाही हे ठरवायचे कोणी, तर ज्याच्याकडे वाहन चालवण्याचा परवाना आहे त्याने. घरी वडिलांना हे कळले तेव्हा ते जाळे विणता विणता थांबले. "शेजारच्या खलाश्याला इचारून कोन होरी दर्यात लोटतो काय?" एवढेच म्हणाले, आणि पुन्हा विणू लागले.

दुसऱ्या दिवशी प्रज्योत स्वतःच एकदऱ्याला आला. दांड्यांवर बोंबील वाळत होते. त्यांच्या रांगांमधून वाकत, चुकवत तो अंगणात पोहोचला. हातात लिफाफा होता आणि चेहऱ्यावर पेढे वाटायला निघालेल्या माणसाचा आनंद.

"सुकटीवर पाय देऊ नको, ड्रायव्हर," रतनबाई आतून ओरडली.

"ऑफिसातून फोन आला होता," तो कल्पिताला म्हणाला. "लगेच लिहिलं. सही केली. घ्या, तुमची नोकरी."

कल्पिताने पत्र वाचले. 'सदर महिला उमेदवारासोबत काम करण्यास माझी हरकत नाही.' तिने ते नीट घडी घालून परत केले.

"मला नको."

"का?"

"तुमची हरकत नाही म्हणून मी तंत्रज्ञ, आणि उद्या तुमची असली तर? तुम्ही गाडी बदललीत, दुसरा आला, तर मी त्याच्या दारात उभी राहायचं? माझं प्रमाणपत्र दर वेळी कोणाच्या तरी मर्जीने खरं ठरायचं?"

"मी तुमच्या भल्यासाठी..."

"तोच तर राग आहे. वाईट माणसाने नकार दिला असता तर मी सरळ भांडले असते. तुमच्याशी भांडताना त्रास होतो."

"म्हणजे... मी चांगला माणूस आहे?"

"विषय बदलू नका. सही करताना तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की हे आपल्याला का विचारतायत?"

बोंबलांच्या रांगांमागून वाऱ्याचा झोत आला, तिच्या कपाळावरची बट उडाली. ती तिने रागानेच मागे सारली. त्याने लिफाफा खिशात घातला.

"नाही वाटलं," तो हळू म्हणाला. "वाटायला हवं होतं."

तो गेला. पुढचे तीन दिवस बाजारात बांगडे घ्यायलाही आला नाही. कल्पिताने स्वतःला बजावले की याचे आपल्याला काही वाटत नाही. मग न वाटणाऱ्या गोष्टीबद्दल इतका वेळ विचार का करावा लागतो, याचाही तिला राग आला.

चौथ्या दिवशी ती जाहिरातीचे कात्रण आणि गुणपत्रिका घेऊन अलिबागच्या कार्यालयात गेली.

"मी पत्र आणलेलं नाही," ती म्हणाली. "आणणारही नाही. ते नाही म्हणून मला नाकारत असाल, तर तसं लेखी द्या. कारणासह. सही-शिक्क्यासह."

अधिकाऱ्याने तिच्याकडे दयेने पाहिले. "तुम्ही उगाच ताणताय. तुमचा चालक द्यायला तयार होता पत्र, फोनवर सांगितलंन् मला. आणि आता हे काय पाठवलंय बघा. माघार घेतलीन् त्याने."

त्याने एक कागद पुढे सरकवला. तो बाजारात का आला नाही, ते कल्पिताला आता कळल्यासारखे वाटले. आपण त्याला इतके बोललो, आणि त्याने त्याचा असा सूड घ्यावा... तिने कागद उचलला.

अक्षर बाळबोध होते. 'मी फोनवर कळवलेली ना-हरकत मागे घेत आहे. आजवर माझ्या गाडीवर तीन पुरुष तंत्रज्ञ आले. त्यांच्या वेळी कंपनीने मला काही विचारले नाही. एकाला स्ट्रेचर उचलता येत नव्हते, तरी विचारले नाही. मग आताच का विचारता, आणि कोणत्या नियमाने विचारता, हे मला लेखी कळवावे. माझ्या सहीने कोणाची लायकी ठरत असेल, तर तशी सही करण्यास माझी सक्त हरकत आहे.'

कल्पिताने तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी अक्षरे जरा धूसर दिसली, पण आवाज मात्र तिने ढळू दिला नाही.

"म्हणजे आता तुम्हाला दोघांना लेखी उत्तर द्यायचं आहे," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."

ती बाहेरच्या बाकावर बसली. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. आतून फोन झाले, आवाज चढले, उतरले. जे तोंडाने सांगायला काही वाटले नव्हते, ते कागदावर लिहून खाली सही करायला त्या इमारतीत एकही माणूस तयार होईना. पाचच्या सुमारास शिपायाने तिच्या हातात नेमणुकीचा आदेश आणून दिला. ठिकाण: मुरुड. त्यात कोणाच्या ना-हरकतीचा उल्लेख नव्हता.

सोमवारी नवा गणवेश घालून ती कामावर हजर झाली. त्याला काय बोलायचे ते तिने रस्ताभर जुळवले होते. मात्र चालकाच्या जागेवर रामचंद्र नावाचा पन्नाशीचा गृहस्थ बसला होता.

"प्रज्योत?" त्याने तंबाखू थुंकून सांगितले. "त्याची बदली झाली ना श्रीवर्धनला. कसलंसं पत्र लिवलं म्हनं सायबाला. तुला नाय बोलला?"

बोलला नव्हता. कल्पिताने फोन हातात घेतला आणि रागाने परत ठेवला. असे तिने अकरा दिवस केले.

बाराव्या दिवशी सकाळी आगरदांड्याला जाण्याचा निरोप आला. श्रीवर्धनचा एक म्हातारा सुपारी काढताना झाडावरून पडला होता, मांडीचे हाड मोडले होते. तिकडची गाडी दिघीहून, मोटारी वाहणाऱ्या जंगलबोटीने, खाडी ओलांडून येणार होती. त्या गाडीला त्याच बोटीने परतायचे होते, म्हणून रुग्ण आगरदांड्याच्या जेट्टीवर ताब्यात घेऊन पुढे अलिबागला न्यायचा होता.

बोट लागली. श्रीवर्धनच्या गाडीवरच्या विनेश नावाच्या तंत्रज्ञाने रुग्णाची माहिती सांगितली, कल्पिताने नाडी पाहिली, पायाची बोटे हलतात का ते तपासले, फळीचे पट्टे आवळले. स्ट्रेचर आपल्या गाडीत चढवून होईपर्यंत तिने ती गाडी घेऊन आलेल्या प्रज्योतकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग मात्र थांबावे लागले. बोटीतून उतरणाऱ्या पर्यटकांच्या मोटारींनी जेट्टीचा अरुंद रस्ता भरून गेला होता. रामचंद्र खाली उतरून त्यांना हाका घालीत होता. रुग्णाच्या मनगटावरचा हात न काढता, उघड्या दारातून कल्पिता म्हणाली,

"बदलीचं सांगितलं का नाहीत?"

प्रज्योत दाराशी आला. तो थोडा वाळला होता. "सांगितलं असतं, तर तुम्ही रुजू व्हायचं सोडून पुन्हा त्या ऑफिसात जाऊन बसला असता."

"बसलेच असते."

"म्हणून."

"म्हणजे पुन्हा तेच. माझ्या भल्याचं काय, ते मला न विचारता ठरवून मोकळे. मी अकरा दिवस..." तिने मोकळ्या हाताने रुग्णाची चादर सारखी केली. "अकरा दिवस मला वाटतंय, की माझ्यामुळे तुम्हाला घालवलं. हा अन्याय आहे, आणि तुम्ही तो निमूट घेतलात, त्याचा मला त्याहून राग आहे."

"निमूट नाही. अर्ज केलाय बदलीविरुद्ध. लेखी उत्तर मागितलंय." तो किंचित हसला, मग हसू मावळले. "चुकलो, कल्पिता. न विचारता ठरवणार नाही यापुढे. एक गोष्ट आत्ताच विचारतो. मी... म्हणजे मला तुम्ही... पहिल्या दिवसापासून. तुमचं काय?"

मागे बोटीचा भोंगा वाजला. खलाशी श्रीवर्धनच्या गाडीला चढायची खूण करीत होता.

"तुम्हाला काय वाटतं," कल्पिता म्हणाली, आणि आता तिचे डोळे सरळ त्याच्या डोळ्यांत होते, "परक्या माणसावर मी इतका राग खर्च करते? आवडता तुम्ही मला. फार आवडता. रविवारी मला सुट्टी आहे. दहाच्या बोटीने पलीकडे येईन. आणि तेव्हाही भांडेन."

"या," तो म्हणाला. तो उलट्या पावलांनी चालत चालत जेट्टीच्या कडेच्या आपल्या गाडीपर्यंत गेला, आणि खलाशाने दंड धरला नसता तर पाण्यात गेला असता.

रस्ता मोकळा झाला. रामचंद्रने गाडी वळवली. कल्पिताने दार लावून घेतले आणि ती रुग्णाजवळ बसली. म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"बरा हाय गो पोरगा," तो कण्हत म्हणाला. "दिघीपतुर तुझंच चाल्लेलं त्याचं."

"आजोबा, बोलू नका. पडून राहा."

"पाय मोडलाय माझा. कान न्हाय."

"त्रास होईल म्हणते ना," कल्पिता करड्या आवाजात म्हणाली, आणि नीट आवळलेला पट्टा तिने उगाचच सोडून पुन्हा आवळला.