शेगडीपाशीचा उलटा डबा

जानेवारीतल्या त्या शनिवारी दुकानात बर्फ उपसायचं एकच फावडं उरलं होतं आणि ते मी स्वतःसाठी काउंटरमागे लपवून ठेवलं होतं. तो आत आला, टोपीवरचा बर्फ झटकला आणि नेमकं त्याच फावड्याकडे बोट दाखवलं.

"ते विकायचं नाहीये," मी म्हटलं.

"मग दुकानात कशाला ठेवलंय?"

"माझं आहे."

"बराहोनासारखं," तो म्हणाला. "गंजलं तरी सोडवत नाही."

शेगडीपाशी बसलेल्यांच्या माना एकदम वळल्या. अहो, बराहोना म्हणजे आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा, हेरन्सचा, कॅचर. बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून अकरा वर्षं त्याने गुडघे झिजवले होते. आणि आमच्या या तळ्याकाठच्या गावात त्याच्याबद्दल असं कोणी बोलत नसे, निदान बर्निसआत्याच्या हार्डवेअरच्या दुकानात तरी नाहीच.

"बसा इथे," आत्याने खुर्ची पुढे सरकवली. "आणि हेच पुन्हा बोलून दाखवा."

बेसबॉलचा हंगाम संपला की आमच्याकडे शेगडीभोवतीचा हंगाम सुरू होतो. कोणाला ठेवायचं, कोणाला विकायचं, टीमच्या ऑफिसात बसलेल्यांची अक्कल कुठे चरायला गेलीय, याचा निकाल दर शनिवारी सकाळी आमच्या दुकानात लागतो. नियम एकच. ज्याची बातमी खोटी ठरेल, त्याची खुर्ची गेली. त्याने पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत रंगाच्या उलट्या डब्यावर बसायचं. निवृत्त पोस्टमन वॉल्टरने अख्खे दोन हिवाळे डब्यावर काढले होते.

फावडं मागणाऱ्याचं नाव कॉर्मॅक. गावच्या रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी अर्धा तास हेरन्सवर बोलायचा तो हाच. आवाज ओळखीचा होता, पण त्या आवाजाला असे डोळे असतील हे मला कोणी सांगितलं नव्हतं...

तो दर शनिवारी येऊ लागला, आणि दर शनिवारी आम्ही भांडू लागलो.

"छत्तीस वर्षांचा झालाय तो, हॅलिना. अजून त्याला किंमत आहे, आत्ताच विकायला हवा. पण ऑफिसवाल्यांत दम नाही. तुम्हा लोकांना घाबरतात ते."

"आम्हाला?"

"तुला तर नक्कीच. मीसुद्धा घाबरतो."

सगळे हसले. मी लाल झाले. त्याच्याकडे आकडे होते, माझ्याकडे नुसता राग. आणि मग तोंडातून निघून गेलं—

"विकलाय त्याला. ठरलंय सगळं. मला आतून कळलंय."

थाप. शंभर टक्के थाप. आदल्या दिवशी मी स्टेडियमच्या ऑफिसात बिजागऱ्या पोचवायला गेले होते आणि व्हरांड्यात चार खोकी रचलेली पाहिली होती, एवढंच. पण कॉर्मॅक पुढे झुकला. शेगडीच्या उजेडात त्याचा चेहरा माझ्या इतका जवळ आला, की मी श्वास घ्यायची विसरले. "खरंच?" तो हळूच म्हणाला. आजवर कोणी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं, त्या एका नजरेसाठी मी चंद्रसुद्धा विकला असता.

मंगळवारी त्याचा फोन आला. "हॅलिना, उद्या रेडिओवर सांगू? तू हो म्हणालीस तरच."

इथे मला थांबता आलं असतं. "अरे, गंमत केली," एवढंच म्हणायचं होतं. पण तो फोनवर माझं नाव इतक्या विश्वासाने घेत होता...

"सांग," मी म्हटलं.

बुधवारी त्याने सांगितलं. गुरुवारी गावभर बोंब. कोणीतरी बराहोनाच्या दारात फुलं ठेवून गेलं, मेलेल्या माणसाच्या दारात ठेवावीत तशी. त्याची मुलगी शाळेतून रडत घरी आली. त्याच्या बायकोने रेडिओला फोन केला आणि तीही रडली. शुक्रवारी टीमने जाहीर केलं, बातमी साफ खोटी आहे.

रेडिओवाल्यांनी कॉर्मॅकला बजावलं, पुढच्या बुधवारपर्यंत बातमी देणाऱ्याचं नाव सांग, नाहीतर कार्यक्रम बंद.

शनिवारी तो दुकानात आला, कोणाशी न बोलता डबा ओढला आणि त्यावर बसला.

"कोणी सांगितलं होतं तुला?" वॉल्टरने विचारलं. मी थाप मारली तेव्हा वॉल्टर मागे लाकडं आणायला गेला होता. बाकीच्यांनी ती ऐकली होती, पण कोणी माझं नाव घेतलं नाही; आत्या शेगडीत बघत राहिली.

"नाव सांगणार नाही," कॉर्मॅक म्हणाला. मग माझ्याकडे बघून थोडंसं हसला, जणू फसवणूक माझीच झाली होती. "त्या बिचारीलाही कोणीतरी खोटंच सांगितलं असेल."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी खिळ्यांच्या खणात हात घालून उगाच खिळे निवडत राहिले.

तो गेल्यावर आत्या माझ्याजवळ आली. "पोरी, माझ्या दुकानात डब्यावर चुकीचा माणूस बसलाय."

"माहीत आहे, आत्या."

"मग?"

बुधवारी संध्याकाळी कॉर्मॅकचा कार्यक्रम चालू असताना मी रेडिओला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"बोला, कोण बोलतंय?"

"बर्निस हार्डवेअरमधली हॅलिना."

"हॅलिना, ठेव फोन," कॉर्मॅक हलकेच म्हणाला.

"नाही ठेवणार. बराहोनाची बातमी मी दिली होती. मला कोणीही काही सांगितलं नव्हतं, मी ती रचली. बराहोनाबाई, तुमच्या लेकीला माझ्यामुळे रडावं लागलं. मला माझीच लाज वाटते." थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "आणि कॉर्मॅक... तू एकदा माझ्याकडे बघितलंस ना, तसं परत बघावंस म्हणून मी खोटं बोलले."

अख्खं गाव ऐकत होतं. मग तो म्हणाला, "पुढचा फोन घेऊ या."

तेवढंच. रात्रभर मी उशीत तोंड खुपसून पडले होते.

शनिवारी मी आपणहून डब्यावर बसले. वॉल्टरने चेष्टा केली नाही, तेच जास्त लागलं. खिशात बराहोनाबाईंची चिठ्ठी होती, मी पाठवलेल्या माफीपत्राचं उत्तर. "मुलगी आता ठीक आहे. पुन्हा असं करू नका." दोन ओळी, मी वीस वेळा वाचल्या होत्या.

अकरा वाजता दार वाजलं. कॉर्मॅक आत आला, खुर्चीकडे गेलाच नाही. मागच्या फळीवरून रिकामा डबा काढला, माझ्याशेजारी उलटा घातला आणि त्यावर बसला. आमचे गुडघे एकमेकांना लागले.

"तू कशाला?" मी खाली बघतच विचारलं. "तू थोडाच खोटं बोललास?"

"बातमी दोन ठिकाणी पडताळून बघायची असते. दहा वर्षं हेच करतोय मी. या वेळी नाही पडताळली." तो टोपी हातात फिरवत राहिला. "पडताळली असती आणि खोटी निघाली असती, तर तुला फोन करायला निमित्त उरलं नसतं."

मी वर बघितलं. तो बघत होता. तसाच. आणि या वेळी मी काही विकलं नव्हतं.

"कार्यक्रम?" मी विचारलं.

"महिनाभर बंद. मग बघू म्हणाले." तो जरा जवळ सरकला. "आता खरं सांग. बराहोनाला विकायला हवं की नको?"

हे कबूल करणं रेडिओवर बोलण्यापेक्षा अवघड होतं. "हवं," मी म्हटलं. "त्याचे गुडघे गेलेत. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

"मी परवा माफी मागायला त्याच्या घरी गेलो होतो," कॉर्मॅक म्हणाला. "लेकीला अंगणात चेंडू झेलायला शिकवत होता. आता वाटतं, राहू दे अजून एक वर्ष."

"आकडे काय म्हणतात?"

"आकडे तुझ्या बाजूने आहेत."

"मग तू चुकतोयस."

"चुकू दे," तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. "डबा आहेच."