डावखुरी माशी

नागपूरच्या नंदनवनात माझ्या हातचा गोंडा सुटलेला कोणी आणून दाखवावा, मी दुकानाला कुलूप लावून सावनेरला बाबांच्या शेतात कापूस वेचायला जाईन. साडीच्या पदराचे गोंडे असोत की ब्लाउजचे लटकन, गिऱ्हाईक कोणीही असो, मी हे ठणकावून सांगते. आत्या म्हणते, एवढा गर्व बरा नाही. पण अजून तरी कोणी काही आणून दाखवलेलं नाही. मग गर्व का करू नये?

म्हणूनच डिसेंबरातल्या त्या सकाळी, मैदानातून दुकानाकडे जाताना माझ्या वेणीला हिसका बसला, मी हात मागे नेला आणि बोटांत लाल लोकरीचा एक झुबका आला, तेव्हा मला पहिला राग आला तो गाठीचा. इतकी ढिली गाठ! धरताच सुटून हातात आली.

दुसरा राग आला तो धुक्यातून धावत येणाऱ्या मुलाचा. उंच, मफलर गुंडाळलेला, हातात एक लांबलचक बारीक काठी आणि काठीच्या टोकाला पिवळी दोरी.

"सॉरी, सॉरी! लागलं का तुम्हाला?"

"काय जी, इथं काय करून राहिले तुम्ही?"

"मासे... म्हणजे, मासे धरायची प्रॅक्टिस."

मी मैदानाकडे पाहिलं. वाळकं गवत, एक बकरी आणि कोणीतरी विसरून गेलेला क्रिकेटचा स्टंप.

"अन् पाणी कुठं आहे?"

"पाणी हिमाचलला आहे," तो म्हणाला – जणू पलीकडच्या गल्लीत आहे! "तिथे हिवाळ्यात ट्राउट अंडी घालतात, म्हणून मासेमारी बंद असते. मार्चला उघडते. तोवर हात बसलेला राहावा म्हणून इथे दोरी फेकतो. गळाऐवजी लोकर बांधतो, म्हणजे कोणाला टोचत नाही."

"मले लागली ना पण."

"टोचली नाही ना?"

टोचली नव्हती. पण तो असा काळजीने बघत होता की... जाऊ दे. मी नजर काढून घेतली, त्याच्या दोरीचं टोक धरलं आणि लोकर पुन्हा बांधून दिली.

"ओढा आता."

त्याने ओढली. मग जोर लावून ओढली. मग दात लावले. गाठ हलली नाही.

"ही कुठली गाठ?"

"गोंड्याची. अन् मी डावखुरी आहो, म्हणून वेढे उलटे बसतात. तुम्हाले नाही जमायची."

एवढं बोलून मी निघाले. मागे वळून पाहिलं नाही. म्हणजे... एकदाच पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी तो दुकानात हजर! केयूर नाव, राहायला महाल भागात, नोकरी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात, सूत तपासण्याच्या खात्यात. वर्षभराची रजा साठवतो आणि मार्चभर नदीवर जातो. हे सगळं मी विचारलं नव्हतं. आत्याने पिकोच्या मशीनवरून न उठता काढून घेतलं.

"अन् या डबीत काय आहे?" आत्याने विचारलं.

"माशा," तो म्हणाला.

"दुकानात कमी आहेत काय जी?"

पण डबी उघडली आणि मी वाकून बघू लागले. तांदळाएवढ्या गळांवर रेशमाने आवळलेली कोंबड्याच्या मानेची पिसं. पंख, पोट, शेपूट – सगळं बोटाच्या नखावर मावेल असं. पाण्यावर अलगद टाकलं की माशाला वाटतं, किडाच पडला. नदी बंद असते तेव्हा मासे धरणारी मंडळी हेच करतात म्हणे. रिळांना तेल देतात, दोऱ्या धुतात, मैदानात लोकर फेकतात आणि माशा बांधत बसतात.

"सगळ्यात बारीक आणि सगळ्यात घट्ट धागा हवाय," तो म्हणाला. "तुमच्याकडे असेल असं वाटलं."

"धागा आहे. पण धाग्याचं काय घेऊन बसले? तुमच्या सगळ्या माशांच्या गाठी ढिल्या आहेत."

तो हसला. राग नाही, काही नाही, नुसता हसला. "मग शिकवा."

असा आमचा हिवाळा सुरू झाला. तो कारखान्यातून यायचा, काउंटरच्या कडेला त्याचा छोटासा शिकंजा बसवायचा, शिकंज्यात गळ धरायचा आणि आम्ही दोघं त्यावर वाकायचो. आत्या मशीन चालवत असायची, पण मशीनचा आवाज मधेच बंद पडायचा, म्हणजे ऐकत असायची.

"बोट ठेवा इथे," तो म्हणायचा. मी धाग्यावर बोट ठेवायची, तो गाठ मारायचा. गाठ कधीच बसलेली असायची आणि माझं बोट तिथेच असायचं... त्याचंही.

"झाली ना गाठ?"

"झाली. पण खात्री करतोय."

चार दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. माझी पहिली माशी मी हट्टाने एकटीने बांधली. पोटाला बाबांच्या शेतातला कापूस, वर जरीची तार. अशी झगमगली की मीच तिची दृष्ट काढावी! केयूरने पाण्याने भरलेला काचेचा ग्लास आणला, माशी वर सोडली. ती सरळ तळाला गेली.

"कापूस पाणी पितो, गोपिका."

"सावनेरचा कापूस आहे तो!"

"सावनेरचा म्हणून जास्त पितो."

मी त्याला मोजपट्टी मारली. मग सावनेरला गेले. बाबांच्या अंगणात आमचा कोंबडा आहे, ठाणेदार. त्याच्या मानेची पिसं राखाडी-तपकिरी, उन्हात तांब्यासारखी लकाकणारी. बाबा त्याला कापू देत नाहीत, उपटूही देत नाहीत. गळलेली पिसं मात्र त्यांनी वेचून डब्यात ठेवलेली असतात. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. डबा घेऊन मी परत आले.

नवी माशी पाण्यावर तरंगली. मी टाळ्या पिटल्या. केयूरने मात्र ग्लास उचलून काचेच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "आता खालून बघ. तू वरून बघतेस, मासा खालून बघतो."

फळीखालून बघायचं तर दोघांनाही काउंटरवर डोकं टेकवावं लागलं. गाल लाकडावर, मान वाकडी, वर पाणी, पाण्यावर ट्यूबलाइटचा उजेड आणि उजेडात ठाणेदाराची पिसं, जणू आत्ता उडतील! मी बघत राहिले. जरा वेळाने कळलं, की तो माशीकडे बघत नाहीये.

"माशी तिकडे आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मशीन बंद पडलं होतं. आत्या खोकली.

त्या दिवसांत मी किती मिरवले असेन! गिऱ्हाइकांना सांगायची, हिमाचलच्या नदीत नंदनवनची माशी पडणार आहे, माझ्या हातची. बाया हसायच्या. हसू देत. मला माझ्या हाताचा अभिमान होता आणि खरं सांगायचं तर त्या हाताकडे बघणाऱ्याचाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो मला सौरवच्या गच्चीवर घेऊन गेला. सौरव म्हणजे त्याचा नदीवरचा सोबती. कोवळ्या उन्हात सतरंजी, संत्र्यांची टोपली, चार-पाच जण आपापल्या माशा बांधत बसलेले आणि न पकडलेल्या माशांच्या गोष्टी सांगत असलेले. माझी माशी हातोहात फिरली. सगळ्यांनी वाहवा केली. मी फुगले. आणि तेव्हाच सौरव संत्रं सोलता सोलता म्हणाला –

"केयूर, यंदा तुझा हिवाळा बाकी मस्त कटून राहिला बे! मागच्या हिवाळ्यात गिटार होती, त्याच्या आधी कॅक्टस. मार्च लागला की गिटार खुंटीवर अन् कॅक्टस माझ्या गच्चीवर!"

सगळे हसले. कोपऱ्यात खरंच एक कॅक्टस होता, वाळलेला. कॅक्टस वाळवणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.

मी केयूरकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल, असं वाटलं. तोही हसला. नुसता हसला.

जिना उतरून मी फाटकाशी थांबले. तो मागे आलाच.

"मी तुझी गिटार आहो काय?"

"गोपिका, सौरवचं काय घेऊन बसलीस –"

"सौरवले नाही विचारून राहिली. तुले विचारून राहिली."

त्याने फाटकाची कडी उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाला, "खोटं कसं बोलू? दर मार्चला नदीवर गेलो, की मी सगळं विसरतो. घर, ऑफिस... सगळं. आजवर तरी असंच झालंय. या वेळी तसं होणार नाही असं वाटतं... पण वाटतं म्हणून तुला शब्द कसा देऊ?"

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्याला दाखवायला मी काही कमी मानी नव्हते. दुसरी कोणी म्हणाली असती, जाऊ नको. माझ्या तोंडून ते आलं नाही. कोणाला धरून ठेवून टिकते, ती काय गाठ झाली?

मी पिशवीतून माझी माशी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"जा. पहिली हीच टाकजो. फोन करू नको. अन् मले विसरून दाखव."

"गोपिका –"

"सुटते का पाहू."

तो गेला. मार्च उजाडला. मी दुकान चालवलं. लग्नसराईचे गोंडे होते, मान वर करायला फुरसत नव्हती... असं मी आत्याला सांगायची. काउंटरच्या कडेला शिकंज्याचा वळ पडला होता. तिथे मी रिळांचा डबा ठेवून दिला. फोन आला नाही. मीच नको म्हटलं होतं. आणि एवढं खरं वागल्याबद्दल मला त्याचा किती राग येत होता म्हणून सांगू!

आत्या एकदा म्हणाली, "काहून वं, एक फोन तू केला तर बोटं झिजतील काय?"

"झिजतील," मी म्हणाले.

मग एका दुपारी, कूलरमध्ये पाणी ओतून मी वळले, तर दारात कोणीतरी उभं. नाक उन्हाने सोललेलं, खांद्यावर काठी ठेवायची नळी, बुटांवर वाळलेला चिखल. नागपूरचा नव्हे, काळा नव्हता तो. स्टेशनवरून सरळ आला होता.

माझ्या छातीत काय झालं ते सांगत नाही. तोंडाने मात्र मी म्हणाले, "रजा संपली काय?"

"नाही. आठवडाभर आहे अजून."

"नदी बंद झाली?"

"नाही. सगळ्यात चांगले दिवस आत्ताच सुरू झालेत. सौरव तिथेच आहे, मला वेड्यात काढतोय."

"मंग इथं काहून गा?"

त्याने खिशातून डबी काढली. डबीत एकच माशी होती, माझी. ठाणेदाराची पिसं अर्धी गेलेली, शेपूट चावून चावून विस्कटलेलं. मी ती उजेडात धरली. वेढे उलटे होते. गाठ जिथल्या तिथे.

"पहिली हीच टाकली," तो म्हणाला. "मासा आला. सोडून दिला. पुन्हा टाकली, पुन्हा आला. सगळे सोडले. आमच्यात रीत आहे, सीझनचा पहिला मासा ज्या माशीला लागतो, ती विस्कटली तरी फेकायची नाही. टोपीत खोचायची, कायमची. मी खोचायला गेलो आणि थांबलो. माशी माझी नाही. बांधणारीला विचारल्याशिवाय कशी खोचू?"

"हे फोनवर विचारता आलं असतं."

"तू फोन नको म्हणालीस."

मशीन बंद पडलं होतं.

"गोपिका, विसरून दाखव म्हणालीस ना? रोज प्रयत्न केला. पाण्यात उभा राहिलो, की वाटायचं, हा मासा तुला दाखवायला हवा. दोरी फेकली, की वाटायचं, वेणीत अडकेल. नाही जमलं विसरायला. तेव्हा शब्द देता आला नव्हता, म्हणून आज देतो." त्याने खांद्यावरची नळी खाली ठेवली. "मला तू आवडतेस. मार्चमध्येसुद्धा."

मी माशीकडे बघत राहिले. वर बघितलं असतं, तर माझा सगळा ताठा तिथेच वितळला असता. तो वितळलाच, पण जरा उशिराने.

"टोपीत नाही खोचायची," मी म्हणाले. "ही इथं लावीन, काउंटरवर, काचेत. गिऱ्हाइकाले दाखवीन, माशाच्या दातांनी नाही सुटली म्हणून."

"आणि मी?"

"तू पण आवडतो मले. लई आवडतो. आता बस, पाणी पी." एवढं बोलून मी रिळांचा डबा उचलला आणि कोपऱ्यात सरकवला. शिकंज्याची जागा मोकळी झाली. "अन् पुढच्या मार्चले मी येईन. माझी माशी मीच टाकीन. तू फक्त दोरी फेकायले शिकव."

त्याचा चेहरा असा उजळला, की आत्यानेसुद्धा हातातलं कापड खाली ठेवलं.

"शिकवतो! डिसेंबर लागला की मैदानात –"

"डिसेंबर काहून? आजच."

त्याने दाराबाहेर बघितलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, डांबर चमकत होतं. "आज? या उन्हात?"

मी लाल लोकर कातरली, त्याच्या दोरीच्या टोकाला डाव्या हाताने गाठ मारली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले.

"मंग? मी काय हिवाळ्यापुरती आहो?"