धनेशला पाठवताना

खालापूरजवळच्या बाटल्यांच्या कंपनीत माधवीचा पहिलाच दिवस. अडकलेल्या झाकणांमुळे मशीन बंद पडलं. सगळ्याजणी मेकॅनिकची वाट बघत उभ्या राहिल्या. माधवी मात्र खाली सांडलेली झाकणं गोळा करू लागली… आणि शेवटच्या झाकणावर दोन हात एकदम पडले. दुसरा हात शेजारच्या मशीनवरच्या धनेशचा.

"कोणी सांगितलं गं तुला?"

"सांगायला कशाला पायजे?"

तो लाजून हसला.

धनेश नव्या पोरींना काम फार छान शिकवायचा. पण एकदा मीटिंगमध्ये त्याने काही सुचवलं, तेव्हा साहेब सगळ्यांसमोर हसले होते. तेव्हापासून तो गप्प.

"सुपरवायझरची जागा निघालीय. साहेबांना विचार की," माधवी म्हणाली.

"आपल्याला कोण घेतंय?"

मग जेवणाच्या सुट्टीत साहेबांशी बोलायची तालीम सुरू झाली. "मी साहेब. बोला, काय काम हाय?"

"साहेब, तुमी… आज लय गोड दिसताय."

"नापास!" म्हणताना तिचेच कान तापले होते.

पहिल्या खेपेला त्याला नकार मिळाला. तिला वाटलं, आता हा पुन्हा मिटणार. पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "कुठं कमी पडलो, ते साहेबांना विचारून आलो." त्याची मान ताठ होती. त्या क्षणी माधवी त्याच्या प्रेमात पडली… बहुतेक आधीच पडली होती.

दिवाळीनंतर सुपरवायझर म्हणून त्याची निवड झाली — पण कंपनीच्या गुजरातमधल्या नव्या कारखान्यात.

निघायच्या दिवशी दोघं खालापूरच्या स्टँडवर उभे होते. कापलेल्या भाताचा वास येत होता.

"माधवी, चल माझ्यासंगं. लग्न करू."

किती वाट पाहिली होती तिने या शब्दांची! पण पळसदरीला बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि घरात तिच्याशिवाय कुणी नाही.

"बाबांना कोण उठवून बसवणार रं?"

"मग मी थांबतो."

'थांब' म्हटलं असतं, तर तो खरंच थांबला असता. त्याच मशीनवर, पुन्हा खाली मान घालून…

"नको. जा तू."

"प्रेम नाय तुझं?"

"हाय," ती म्हणाली. "लय हाय."

एसटी लागली. धनेशने तिचा हात घट्ट धरला. कंडक्टरने दोनदा हाक मारली, तरी सोडेना.

शेवटी माधवीनेच तो हलकेच सोडवून घेतला.